प्लॅस्टिक पुनर्वापराचं जाळं आखताय? या चुका टाळा

मुंबईत सुक्या कचऱ्याचं जाळं उभारायला निघालेल्यांच्या हिशेबात पहिल्याच पानावर तीच चूक असते: खर्च गोळा केलेल्या टनावर मोजलेला. पैसे मात्र विकलेल्या मालाचेच मिळतात. समजा १०० किलो पातळ पिशव्यांत १५ किलो पाणी, १० किलो माती आणि १० किलो न चालणारा माल निघाला. टेंपो, मजुरी, वीज सगळं उरलेल्या ६५ किलोंवर बसतं. म्हणून प्रत्येक खेपेतल्या ५ किलो पिशव्या तोलायच्या, झटकून वाळवायच्या आणि पुन्हा तोलायच्या. जुलै-ऑगस्टमध्ये तर त्याशिवाय दर ठरवूच नये.

सर्वांत जास्त पैसा बुडतो तो वाहतुकीत. पेटच्या, म्हणजे पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्यांच्या प्लॅस्टिकच्या, मोकळ्या बाटल्या घनमीटरला साधारण २५ किलो भरतात. छोटा हत्ती टेंपो पाऊण टन उचलतो, पण हौदा उंच भरला तरी सहा घनमीटरच्या आसपास माल मावतो, म्हणजे जेमतेम १५० किलो. गोवंडीहून भिवंडीपर्यंत डिझेल जाळून हवा वाहायची, आणि वर याला पर्यावरणाचं काम म्हणायचं! गठ्ठे बांधले की तोच माल घनमीटरला दोनशे किलोंच्या पुढे जातो. वॉर्डातल्या केंद्रावर गठ्ठे दाबून बांधणारं एक साधं उभं बेलिंग मशीन त्याला पुरतं. बुचं मात्र आधी काढा. घट्ट बुचाची बाटली हवा सोडत नाही, गठ्ठा फुगतो आणि पट्टी तुटते. धुताना बूच तरंगतं, पेट बुडतं आणि दोन्ही आपोआप वेगळी होतात हे खरं, पण तोवर गाडीभाडं भरून झालेलं असतं.

निवडीत घाई करणाऱ्यांना पीव्हीसी, म्हणजे क्लोरीन असलेलं दुसरं प्लॅस्टिक, हमखास गाठते. एका केंद्राचा पेटचा ट्रक पेटपासून धागा बनवणाऱ्या कारखान्यात पोचला, तिथे गठ्ठा कापला आणि आत औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पीव्हीसीच्या पट्ट्या निघाल्या. पूर्ण ट्रक परत, दोन्ही बाजूंचं भाडं केंद्राच्या माथी. कारखान्याचं बरोबरच होतं. पेट आणि पीव्हीसी दोन्ही पाण्यात बुडतात, त्यामुळे टाकीत ती वेगळी होत नाहीत. पेट वितळतं २५० अंशांच्या वर. पीव्हीसी त्याच्या कितीतरी आधी करपते आणि तिच्यातून सुटलेलं आम्ल पेटला पिवळं, ठिसूळ करतं. टनामागे १०० ग्रॅमही घातक ठरतात. ओळखायला बाटलीचा तळ पाहा: पेटला मधोमध ठिपका असतो, पीव्हीसीला आडवी शिवण. शंका राहिली तर तांब्याची तार तापवून प्लॅस्टिकला लावा आणि ज्योतीत धरा. हिरवी ज्योत म्हणजे क्लोरीन. हे उघड्यावरच करा.

लोकसंख्येला माणशी कचऱ्याच्या ग्रॅमने गुणून मशीन मागवू नका. चांगल्या बाटल्या आणि कॅन कचरा वेचक, भंगारवाले आधीच उचलतात. तुमच्याकडे येतात ती पाकिटं. आधी पंधरा दिवस प्लॅस्टिकच्या प्रकारानुसार वजन करा, मग मशीनचं बोला.

भंगारवाल्याला वगळून ॲप आणणं ही तर शुद्ध नासाडी. धारावीच्या तेरा कंपाउंड या भंगाराच्या वस्तीत प्लॅस्टिकचा रंग, प्रकार, दर्जा हाताने आणि नजरेने निवडला जातो. ते कसब फुकट मिळत नाही, त्याचा भाव द्या आणि रोख द्या. बिल महिन्याने निघणार असेल तर माल दुसऱ्या गाळ्यात जाईल.

पेटची गरम धुलाई कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात, ८० अंशांच्या पुढे होते. ते पाणी शुद्ध करण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून धरा, आणि तुकड्यांचा बारीक चुरा अडवायला शेवटी जाळी बसवा. नाहीतर सगळं नाल्यातून मिठी नदीत जातं.

चिप्सच्या बहुपदरी पाकिटांचा पुन्हा वितळवून वापरायचा चांगला दाणा होत नाही. ती सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात, आणि चंद्रपूरसारख्या ठिकाणच्या भट्ट्या मुंबईपासून फार लांब आहेत. तेव्हा पूर्ण ट्रक भरेपर्यंत गठ्ठे कोरड्या छपराखाली ठेवा. दोन रांगांत माणूस पाण्याचा पाइप घेऊन जाईल एवढी वाट सोडा, कारण या मालाला आग लागली की बाहेरून मारलेलं पाणी आतपर्यंत पोचत नाही.