मूल उशिरा बोलत असेल तर मदत कशी मिळवावी

दोन वर्षांच्या आसपास मूल ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर ‘त्याचे बाबाही उशिराच बोलले होते’ या घरच्या दिलाशावर विसंबून थांबू नये. आधी शिकलेले शब्द मूल विसरू लागले, तर वय कितीही असो, लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

सर्वप्रथम श्रवणचाचणी करून घ्यावी. दाराच्या आवाजाला मूल वळून पाहते, म्हणजे त्याला सगळे ऐकू येते, असे नाही. वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे द्रव साचला, तर मोठा आवाज कळतो, पण शब्दांतले बारकावे निसटतात. लहान मुलांची ‘बेरा’ चाचणी, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात हे पाहणारी तपासणी, झोपेत होते आणि ती दुखत नाही.

त्यानंतर वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जावे. खर्च परवडणारा नसेल, तर अंगणवाडी सेविकेशी बोलावे, कारण 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत तपासणीस येते आणि गरजू मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्राकडे, पाठवते. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. जाताना मूल बोलते ते शब्द, खुणा आणि घरी टिपलेले छोटे चित्रीकरण सोबत न्यावे. अनोळखी खोलीत मुले अनेकदा गप्प होतात.

तारीख मिळेपर्यंत मोबाइल बाजूला ठेवावा, भाजी निवडताना, अंघोळ घालताना छोट्या वाक्यांत बोलावे आणि, हे फार महत्त्वाचे, मुलाच्या उत्तराची शांतपणे वाट पाहावी. घरात दोन भाषा असल्या तरी मराठी सोडू नये. दोन भाषांमुळे वाचा लांबत नाही.