सोलापुरात बिऱ्हाड थाटताना

धाराशिवकडनं आम्ही सोलापुरात आलो त्याला अठरा वर्षं झाली. नवरा टॉवेलच्या कारखान्यात, मी दोन लेकरं घेऊन पूर्व भागातल्या पत्र्याच्या खोलीत. गावाकडचं कुणी आलं की आधी माझ्याकडं धाडतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

पहिलं रेशनकार्ड. धान्य काय, गावच्या कार्डावर इथंही अंगठा लावून मिळतं. पण त्या कार्डात तुमचं नि लेकरांचं नाव आहे का? माझं माहेरी कमी झालं आणि सासरी चढलंच नाही. दीड वर्ष या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. आता तर १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलीला 'लेक लाडकी' योजनेचे पैसे पिवळ्या-केशरी कार्डावरच मिळतात: जन्मल्यावर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,०००, अठरा पूर्ण झाल्यावर ७५,०००. अर्ज अंगणवाडीताईकडं द्यायचा. दिवस गेले असतील तर तिच्याकडं लगेच नाव घाला. पोषण आहार आणि पहिल्या बाळंतपणाचे मातृवंदना योजनेचे ५,००० तिथनंच सुरू होतात.

मला अंगणवाडीची वाट कुणी दाखवली? शेजारच्या अक्कानं. मांडीवर सूप, हातात तेंदूपत्ता, तोंडात तेलुगू. तिचं मला कळेना, माझं तिला. शेवटी तिनं सूप बाजूला ठेवलं, माझ्या पोराचं बोट धरलं आणि त्याला अंगणवाडीत नेऊन बसवलं. तिच्यासारख्याच विडीवाल्या बायका वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिल्या, तेव्हा सोलापूरजवळ कुंभारीला कम्युनिस्ट पुढारी गोदूताई परुळेकरांच्या नावानं १०,००० घरं उभी राहिली.

बचत गटात जा, पण नीट बघून. इथं फायनान्सवाल्यांच्या कर्जालाही बायका 'गट'च म्हणतात. आधी आपले पैसे साठतात तो बचत गट. आधी कर्ज हातात पडतं आणि दर आठवड्याला वसुलीला माणूस दारात येतो, ती फायनान्स.

घरात दारू, मारहाण असेल तर गप्प बसू नका. १८१ हा बायकांच्या मदतीचा नंबर फिरवा. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडं बाईला वकील फुकट मिळतो, कमाई कितीही असो. आमच्या गल्लीत एकदा गटातल्या सात बायका एका घराच्या उंबऱ्यावर नुसत्या जाऊन बसल्या. कुणी आवाज चढवला नाही. तो गडी रात्री अकरापर्यंत बाहेरच उभा होता.

आणि वर्षभरात पोरगं तुम्हाला "का बे आई" म्हणेल. थोबाडीत देऊ नका, इथं ती शिवी नाही.