पहिला डीएसएलआर : दोष कॅमेऱ्याला देण्याआधी हे तपासा

नवा डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घेतल्यावर पहिल्या काही दिवसांत दोन तक्रारी हमखास कानावर येतात. 'यापेक्षा मोबाइलवर बरे फोटो येतात' आणि 'लेन्सच खराब निघाली बहुतेक'. पहिलीत तथ्य असतं. मोबाइल एका टचमध्ये अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर रचतो, सावल्या उजळतो आणि तयार फोटो हातात देतो. डीएसएलआर एकच फ्रेम घेतो, तीही तुम्ही ठेवलेल्या सेटिंगप्रमाणे, मग ते चुकलेलं का असेना. दुसरी तक्रार मात्र क्वचितच खरी ठरते, आणि ती खरी आहे का हे फोटोच सांगतो. प्रत्येक फाइलमध्ये शटरस्पीड (शटर किती वेळ उघडं होतं), अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक; एफ/१.८ सारखा लहान आकडा म्हणजे मोठं भोक), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) आणि फोकल लेंथ (एमएममध्ये; आकडा मोठा तितकं चित्र जवळ) नोंदलेली असते. ती नोंद न बघता निदान करू नका.

घेताना होणाऱ्या चुका

खरेदीच्या वेळी सगळ्यात जास्त चर्चा मेगापिक्सेलची होते आणि तिचा उपयोग सगळ्यात कमी. ए४ आकाराची चांगली छपाई ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) करायची तर साधारण ८७ लाख पिक्सेल, म्हणजे ८.७ मेगापिक्सेल पुरतात. बाजारात दिसणाऱ्या सुरुवातीच्या मॉडेलांत याच्या दुपटीहून जास्त असतात. तेव्हा १८ की २४ मेगापिक्सेल या वादात पडू नका, माउंट (लेन्स बसते ती जागा) आणि लेन्स बघा.

लेन्स बसते म्हणजे ती पूर्ण चालते असं नाही. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा, त्यामुळे जुन्या लेन्सांचा मोह होतो. पण डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुनी एएफ-डी लेन्स त्यावर बसेल, फोटोही निघेल, फोकस मात्र हाताने फिरवावा लागेल. अशा बॉडीसाठी निकॉनच्या लेन्सवर एएफ-एस (नव्या बॉडींवर एएफ-पीही चालतं) लिहिलेलं हवं. कॅननमध्ये अडचण वेगळी आहे. ईएफ-एस लेन्सा लहान सेन्सरच्या (चित्र टिपणाऱ्या चिपच्या) बॉडीसाठीच बनवलेल्या आहेत. पुढे फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) डीएसएलआर घेतलात तर त्या त्यावर बसणारच नाहीत.

सोबत येणाऱ्या १८-५५ एमएम लेन्सला नावं ठेवायची फॅशन आहे. ती मनावर घेऊ नका, शिकायला ती पुष्कळ आहे. दुसरी लेन्स म्हणून सगळे ५० एमएम एफ/१.८ सुचवतात. लहान सेन्सरवर ती ७५ ते ८० एमएमसारखी दिसते, म्हणजे लहान खोलीत दोन माणसं फ्रेममध्ये घ्यायची तर तुमची पाठ भिंतीला टेकते. घरात जास्त फोटो काढणार असाल तर ३५ एमएम बरी.

कंपन्यांचं नवं काम आता मिररलेसकडे (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे) वळलंय, त्यामुळे वापरलेले डीएसएलआर मुबलक मिळतात. असा कॅमेरा घेताना लेन्समधून टॉर्चचा उजेड टाकून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, सोडून द्या. शटर किती वेळा पडलंय तेही विचारा. निकॉनच्या फाइलमध्ये हा आकडा सापडतो, कॅननच्या बहुतेक मॉडेलांत फोटोवरून कळत नाही.

फोटो धूसर येतो

'धूसर' या एका शब्दात तीन वेगळे दोष असतात आणि तिन्हींचा इलाज वेगळा. फोटो पूर्ण मोठा करून बघा. सगळं चित्र एकाच दिशेला ओघळल्यासारखं दिसतंय? हात हलला. मागची भिंत स्पष्ट आणि माणूस पुसट? माणूस हलला. माणसाचा कान किंवा मागचं झाड धारदार आणि डोळे मऊ? फोकस भलतीकडे बसला.

हात हलण्यावर जुना हिशेब अजून चालतो: शटरस्पीडचा खालचा आकडा (१/५० मधला ५०) निदान फोकल लेंथइतका हवा, आणि लहान सेन्सरवर त्याच्या दीडपट. ५५ एमएमला १/१०० च्या खाली जायचं तर लेन्समधलं स्टॅबिलायझेशन चालू ठेवा. पण ते फक्त तुमचा हात सावरतं, समोर धावणारं मूल सावरत नाही. त्याला १/५०० लागतं, आणि त्यासाठी आयएसओ वाढला तर वाढू द्या. दाणेदार फोटो बघवतो, हललेला नाही.

चुकीच्या फोकसचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: फोकस पॉइंट निवडायचं काम कॅमेऱ्यावर सोडलेलं असतं. तो सहसा सगळ्यात जवळची वस्तू धरतो. मधला एकच पॉइंट निवडा, डोळ्यावर ठेवा, शटरचं बटण अर्धं दाबा, मग फ्रेम जुळवा. हे करताना सतत फोकस शोधणारा मोड, म्हणजे निकॉनवर एएफ-सी आणि कॅननवर एआय सर्वो, चालू नको. फ्रेम सरकवताच फोकसही सरकेल. आणि जवळून एफ/१.८ वर काढत असाल तर फ्रेम न सरकवता डोळ्यावरचाच पॉइंट निवडा. तिथे दोन सेंटिमीटरचा फरकही दिसतो.

इतकं करूनही फोकस चुकतोय? कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, एकच वस्तू आधी व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या खिडकीतून) आणि मग लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर बघून) टिपा. व्ह्यूफाइंडरमधून बघताना फोकस आरशाखालचा वेगळा सेन्सर ठरवतो, लाइव्ह व्ह्यूमध्ये तो मुख्य सेन्सरवरच्या चित्रावरून ठरतो. लाइव्ह व्ह्यूचा फोटो दर वेळी स्वच्छ आणि दुसरा दर वेळी चुकलेला असेल, तरच कॅमेरा-लेन्सच्या फोकसच्या जुळणीत दोष आहे. वरच्या मॉडेलांत तो मेन्यूतून सुधारता येतो, साध्या मॉडेलला सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं.

व्ह्यूफाइंडरच अंधुक दिसत असेल तर त्याच्या कडेचं छोटं चाक फिरवा. ते तुमच्या चष्म्याच्या नंबरासाठी असतं, फोटोशी त्याचा संबंध नाही.

शटर पडत नाही, उजेड चुकतो

शटर न पडण्याची कारणं साधी असतात: वस्तू फार जवळ आहे (१८-५५ ला साधारण २५ सेंटिमीटर अंतर लागतं), समोर कोरी भिंत आहे, किंवा कार्ड भरलंय नाहीतर त्याची कडेची खटकी लॉक आहे. फोकस लागेपर्यंत कॅमेरा अडून बसतो.

पांढरे कपडे करडे आणि काळं मांजर राखाडी येतं, कारण कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर प्रत्येक दृश्य मधल्या करड्या छटेला आणू बघतो. पांढऱ्यासाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +१ करा, काळ्यासाठी -१. आणि नंतर शून्यावर आणा, कारण अनेक मॉडेलांत कॅमेरा बंद केला तरी ते तसंच राहतं. दुसऱ्या दिवशी सगळे फोटो पांढरेफटक येतात ते यामुळेच. आयएसओचंही तेच: रात्रीचा ३२०० सकाळी उन्हात तसाच राहतो.

पहिल्याच दिवशी एम मोडवर (सगळं हाताने ठरवायचं तो) जाऊ नका. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (भोक तुम्ही ठरवता, शटरस्पीड कॅमेरा) महिनाभर काढा आणि शटरस्पीडवर नजर ठेवा, तेवढ्यात बरंच कळतं.

काळे ठिपके

व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारी धूळ फोटोत येत नाही. ती काढायला आरसा किंवा वरची काच पुसायला जाऊ नका, ओरखडा पडेल. फोटोत ठिपके दिसले तर एफ/१६ वर मोकळं आकाश टिपा. ते प्रत्येक फोटोत त्याच जागी आले तर धूळ सेन्सरवर आहे. आधी मेन्यूतली सफाई चालवा, मग मेन्यूतूनच आरसा वर करून हातातल्या रबरी ब्लोअरने हवा मारा. बॅटरी त्या वेळी पूर्ण भरलेली हवी. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा थेंब धुळीपेक्षा वाईट. एफ/४ वर तेच ठिपके दिसेनासे होत असतील आणि तुम्ही चेहऱ्यांचेच फोटो काढत असाल, तर सफाईची घाई नाही.