रब्बी सल्ला : करडई-जवस पेरताना तेलातली मेदाम्लेही बघा

हस्त नक्षत्र लागले की जिरायत करडईची वेळ झाली. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, एवढाच काय तो हक्काचा काळ. त्यामागोमाग चित्रा-स्वातीत जवस. दोन्ही पिकांची पेरणी दरवर्षी होते, पण गेल्या काही वर्षांत एक फरक पडला आहे. गावोगावी लाकडी घाणे उभे राहिले, बचत गट आणि शेतकरी कंपन्या तेल गाळून बाटलीत भरून विकू लागल्या. मोंढ्यावर माल घातला तर पैसे वजनाचे मिळतात, आत कोणते तेल आहे हे तिथे कोणी विचारत नाही. स्वतः तेल विकणाऱ्याला मात्र ते विचारले जाते, आणि त्याचे उत्तर पेरणीच्या वेळीच ठरलेले असते. म्हणून यंदाचा सल्ला मेदाम्लांच्या बाजूने देत आहे.

कोणतेही तेल किंवा तूप मुख्यतः मेदाम्लांचे बनलेले असते. त्यांतली काही संपृक्त, म्हणजे थंडीत लवकर गोठणारी, काही असंपृक्त, म्हणजे पातळ राहणारी. थंडीत खोबरेल बाटलीत गोठून बसते आणि शेजारची करडईच्या तेलाची बाटली तशीच पातळ राहते, ते याच फरकामुळे. साध्या करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल साधारण ७० ते ७८ टक्के, ओलिक १२ ते २० टक्के आणि संपृक्त आम्ले जेमतेम १० टक्क्यांच्या आसपास असतात. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त वाटा अल्फा लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे ज्याला आपण ओमेगा-३ म्हणतो त्याचा असतो. लिनोलिक आणि अल्फा लिनोलेनिक ही दोन आम्ले माणसाच्या शरीराला बनवता येत नाहीत, ती आहारातूनच यावी लागतात.

सजीव आपल्या पेशींतली मेदाम्ले हवामान बघून बदलत असतात. थंडी वाढली की पेशींची आवरणे घट्ट होऊ लागतात, ती सैल ठेवण्यासाठी असंपृक्त आम्ले वाढवली जातात. थंड समुद्रातल्या माशांत ओमेगा-३ भरपूर असते त्याचे एक कारण हेच. बियांमध्येही असे घडते. ओलिकचे लिनोलिक करणारे विकर (एन्झाइम) उष्णतेत मंदावते, त्यामुळे दाणे भरताना रात्री उबदार असतील तर सूर्यफुलात ओलिक वाढते आणि लिनोलिक घटते. जवसात उन्हाचा चटका बसला की लिनोलेनिक कमी होते. करडईचे तसे नाही. तिच्या तेलाची घडण बहुतांशी वाणावर ठरते, तापमानाने थोडीच हलते. म्हणून एक गोष्ट पक्की धरा: जवसात तारीख सांभाळा, करडईत वाण सांभाळा. तारीख करडईलाही महत्त्वाची आहे, पण ती मावा टाळण्यासाठी आणि दाणा भरण्यासाठी.

करडई

जमीन मध्यम ते भारी, निचऱ्याची. पाणी साचणाऱ्या रानात करडई लावूच नका, मूळकुज आणि मर लागून पीक बसते. दोन ओळींत ४५ सें.मी. आणि दोन रोपांत २० सें.मी. अंतर ठेवा. एकरी ४ ते ५ किलो बियाणे पुरते. बियाण्याला आधी थायरम किंवा कॅप्टन किलोला ३ ग्रॅम चोळा, नंतर पेरणीच्या वेळी अझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू प्रत्येकी २५ ग्रॅम लावून सावलीत सुकवा. दोन चाड्यांची पाभर असेल तर खत आणि बी एकाच वेळी ओलीवर पडते, जिरायतीत यासारखी दुसरी पद्धत नाही.

खताबाबत माझा आग्रह आहे की डीएपीच्या मागे लागू नका. जिरायत करडईला हेक्टरी ५० किलो नत्र आणि २५ किलो स्फुरद अशी शिफारस आहे. एकरी हिशेब केला तर २० किलो नत्र आणि १० किलो स्फुरद. युरियाची एक ४५ किलोची गोणी आणि सिंगल सुपर फॉस्फेटची सव्वा गोणी दिली की हे भरते. सुपर फॉस्फेटमध्ये सुमारे ११ टक्के गंधक असते, म्हणजे त्याच खर्चात एकरी जवळपास ७ किलो गंधकही जमिनीत गेले. तेलबियांना गंधक कमी पडले तर दाण्यात तेल कमी बसते. डीएपीत ते नसते.

उगवणीनंतर १० ते १२ दिवसांत विरळणी करा. उपटलेली कोवळी रोपे टाकू नका, करडईच्या भाजीला बाजारात गिऱ्हाईक असते आणि घरीही होते. पाणी असेल तर ३०-३५ दिवसांनी एक आणि फुलोऱ्याच्या सुमारास एक, तेही हलके. जमिनीला भेगा पडल्यावर पाणी देऊ नका. भेगांतून पाणी खोल जाते, मुळांशी साचते आणि झाडे माना टाकतात.

मावा हा करडईचा मोठा शत्रू. काळा मावा आधी बांधाच्या कडेच्या झाडांवर, शेंड्याला आणि कोवळ्या खोडाला चिकटलेला दिसतो. हात लावला की बोटे चिकट होतात. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आणि नंतर पेरलेल्या रानात तो हमखास जास्त असतो, कारण पीक कोवळे असतानाच त्याची वाढ जोरात येते. कडेच्या झाडांवर दिसताच तेवढ्याच पट्ट्यात ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. सगळ्या रानात पसरल्यावर मात्र कृषी विद्यापीठाने चालू हंगामासाठी शिफारस केलेले कीटकनाशक, सांगितलेल्या प्रमाणातच वापरा. फुलोऱ्यात मधमाश्या येतात, त्यामुळे फवारणी संध्याकाळी.

वाण कोणते? भीमा, फुले कुसुमा, परभणी कुसुम म्हणजे पीबीएनएस-१२, पूर्णा म्हणजे पीबीएनएस-८६ ही शेतकऱ्यांच्या हातची वाणे आहेत. काढणीला मजूर मिळत नसतील तर बिनकाट्याचे पीबीएनएस-४० किंवा फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे नारी-६ बघा. ही साधी, म्हणजे जास्त लिनोलिक असलेल्या तेलाची वाणे आहेत. भाजी-आमटीच्या फोडणीला ते तेल उत्तम. पण वडे-भजी तळणाऱ्याला, फरसाण करणाऱ्याला तेच तेल विकू नका. लिनोलिक आम्ल हवेत ओलिकच्या दहापटीहून जास्त वेगाने खराब होते आणि लिनोलेनिक त्याच्याही सुमारे दुप्पट. वारंवार तापणाऱ्या कढईत हा वेग आणखी वाढतो. तळणासाठी हवे ते जास्त ओलिकचे तेल.

जास्त ओलिकची करडई असते हे पुष्कळांना ठाऊक नाही, आणि त्यातली भारताशी जोडलेली गोष्ट तर त्याहून कमी जणांना. १९५७ साली भारतातून गेलेल्या करडईच्या एका नमुन्यात नेहमीपेक्षा अगदी उलट घडणीचे, ओलिकने भरलेले तेल असल्याचे प्रसिद्ध झाले. पुढे अमेरिकेत कॅलिफोर्नियात पॉल्डन नोल्स यांनी त्या गुणावरून यूसी-१ हे वाण तयार केले. आपल्याकडे हैदराबादच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेत अशा वाणांवर काम झाले आहे. बियाणे घेताना ओलिकचे प्रमाण किती, असे सरळ विचारा. ७५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर असेल तरच ते जास्त ओलिकचे.

एक धोका आधीच सांगतो. हा गुण अप्रभावी जनुकाचा आहे, म्हणजे साध्या करडईचे जनुक सोबत आले की तो दबतो. शेजारच्या साध्या करडईचा परागकण मधमाशीने आणून टाकला की त्या फुलातल्या दाण्याचे तेल पुन्हा साध्याकडे झुकते, आणि तेही त्याच हंगामात, कारण तेल दाण्यातल्या गर्भात असते. त्यामुळे जास्त ओलिकचा प्लॉट साध्या करडईपासून लांब ठेवा. प्रमाणित बियाण्यासाठी २०० मीटर अंतर धरतात, तोच नियम तेलासाठीही पाळा. शक्य नसेल तर कडेच्या ओळींचा माल वेगळा काढा.

जवस

विदर्भात आणि मराठवाड्याच्या काही भागांत जवस अजून टिकून आहे, त्याला आता ओमेगा-३ मुळे नव्याने मागणी आली आहे. पेरणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, ओलिताखाली फार तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. ओळींत ३० सें.मी. अंतर, एकरी १० किलो बियाणे. या वेळेत पेरलेल्या जवसाचे दाणे डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत भरतात. उशीर केला तर दाणे भरताना फेब्रुवारीचे ऊन लागते, त्यात तेलही घटते आणि लिनोलेनिकही. शिवाय कळ्यांवरची गादमाशी उशिराच्या पिकावर जास्त येते. ओमेगा-३ म्हणून जवस विकायचे ठरवले असेल तर नोव्हेंबरच्या मध्यावर पेरण्यात अर्थ नाही, त्या रानात हरभरा घ्या.

जवसातही वेगळ्या घडणीची वाणे आहेत. टीएल-९९ हे कमी लिनोलेनिकचे, खाद्यतेल म्हणून टिकावे यासाठी तयार केलेले वाण आहे. ते ओमेगा-३ साठी पेरू नका. बियाणे घेण्याआधी ते आपल्या भागासाठी शिफारशीत आहे का, हेही विचारा.

घरच्या कोंबड्यांना खाद्यात थोडे जवस दिले की अंड्याच्या बलकात ओमेगा-३ वाढते. खाद्याच्या १० टक्क्यांवर जाऊ नका. गाई-म्हशींच्या दुधात मात्र तेवढा फरक दिसत नाही, कारण त्यांच्या पोटातले जिवाणू बरीच असंपृक्त आम्ले संपृक्त करून टाकतात.

काढणी, साठवण, घाणा

करडईची पाने आणि बोंडांची आवरणे पिवळी-तपकिरी झाली की सकाळी लवकर काढणी करा. दवाने काटे मऊ असतात, ऊन चढले की हाताला कापड गुंडाळूनही टोचतात. दोन्ही पिकांचा माल वाळवून ८ टक्क्यांच्या आत ओलावा आणूनच भरा. अख्खा दाणा आतले तेल चांगले जपतो, फुटलेला दाणा नाही. मळणी यंत्राचे फेरे जास्त ठेवून दाणे फोडू नका आणि फुटका माल आधी घाण्यावर घाला. जवसाची पूड महिन्याभराची करून ठेवू नका, चटणीपुरते भाजा आणि वाटा. जवसाचे तेल लहान, गडद रंगाच्या बाटलीत काठोकाठ भरा आणि गारव्यात ठेवा.

घाणेवाल्यांनी हे नीट ऐकावे. जवसाचे तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका. हे तेल हवेतला प्राणवायू घेताना उष्णता सोडते, बोळ्यात ती कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या चिंध्या उघड्यावर एकेरी पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

तपासणी

प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीने तेलातली मेदाम्ले वेगवेगळी मोजतात. एवढ्या थोड्या तेलात हे काम होते की वाण तयार करणारे शास्त्रज्ञ दाण्याचा एक तुकडा कापून तपासतात आणि गर्भाचा उरलेला भाग पेरून त्याच दाण्याचे झाड वाढवतात. कॅनडात कीथ डाऊनी यांनी मोहरीवर्गीय पिकात १९६० च्या दशकात ही युक्ती वापरली, आणि त्यातूनच इरुसिक हे नको असलेले मेदाम्ल काढून टाकलेली कॅनोला पुढे आली. मातीतल्या सजीवांची मोजणीही याच मार्गाने होते. बुरशी, जिवाणू आणि मुळांशी राहणारे मायकोरायझा यांच्या पेशींच्या आवरणांत मेदाम्ले वेगवेगळी असतात, त्यावरून कोणाचे प्रमाण किती हे कळते. हे अजून संशोधन संस्थांपुरतेच आहे, शेतकऱ्याने त्यासाठी पैसे घालवू नयेत.

तेलाची तपासणी मात्र घाणा चालवणाऱ्याने करावीच. पामतेलात पामिटिक आम्ल ४० टक्क्यांच्या घरात, करडईत ६-७ टक्के. करडईच्या तेलात पाव हिस्सा पामतेल मिसळले तर पामिटिक १५ टक्क्यांजवळ जाते आणि अहवालात लगेच दिसते. तेल किती असंपृक्त आहे हे दाखवणारी आयोडीन मूल्याची साधी चाचणीही उपयोगी आहे: साध्या करडईच्या तेलाचे ते १३५ ते १४८, शेंगदाणा तेलाचे ८५ ते ९९. जास्त ओलिकच्या करडईचे मूल्य मुळातच कमी येते, म्हणून नमुन्यासोबत वाणाचे नाव लिहून द्या, नाहीतर चांगले तेल भेसळीचे ठरेल. प्रत्येक घाणीचा १०० मिलीचा नमुना गडद बाटलीत, वाण, रान, पेरणीची तारीख आणि गाळल्याची तारीख लिहून, तो माल विकून संपेपर्यंत गारव्यात जपून ठेवा. गिऱ्हाइकाने शंका काढली तर त्याच बाटलीतला नमुना तपासणीला पाठवता येतो.