वावरातले झोंबी: गावात कमी पैशात भय-विनोदी सिनेमा कसा काढायचा

झोंबीपटात पैसा खातात त्या जागा, झोंबी नव्हे. शूटिंग एका गावातून दुसऱ्या गावात हलवलं की गाडी, जेवण, दिवे, मेकअप सगळं नव्याने मांडावं लागतं आणि अख्खी रात्र हातची जाते. जॉर्ज रोमेरोने १९६८ साली 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला, तो बहुतांशी पेनसिल्व्हेनियातल्या इव्हान्स सिटीजवळच्या एका शेतघरात आणि त्याच्या आसपास. आपली गोष्टही एक जुना वाडा किंवा कोठा (गुरांचा गोठा), एक वावर आणि दोन्हींना जोडणारी पांदण (शेताकडची वाट) एवढ्यात बसवा. पंधरा-वीस मिनिटांची फिल्म, पाच रात्री आणि वीस माणसं असा हिशेब इथे धरला आहे.

दिवस निवडा डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचे. कापसाची शेवटची वेचणी झालेली असते, पण पऱ्हाटी (कापसाची झाडं) अजून उभी असते. वाळलेली, तपकिरी, छातीपर्यंत आलेली पऱ्हाटी म्हणजे फुकटचा सेट. तासातून, म्हणजे पिकाच्या ओळींमधून, चालताना माणसाचे कपडे अडकतात, काड्या कडकडतात, आणि झोंबीची चाल आपोआप तुटक होते. पुढे मार्चपर्यंत पऱ्हाटी उपटून वावर मोकळं होतं आणि उन्हाचा पारा चढला की चेहऱ्यावरची जखम तासाभरात गळ्यापर्यंत घसरते. शेतकऱ्याला पऱ्हाटी कधी उपटायची आहे ते आधी विचारा आणि तुडवल्या जाणाऱ्या तासांचं ठरवून घ्या.

या काळाची एक अडचण आहे. पूर्व विदर्भात झाडीपट्टी नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर होळीपर्यंत चालतो आणि चांगले नट व मेकअपवाले रात्री नाटकात गुंतलेले असतात. तरीही त्यांच्याशिवाय करू नका. रात्रभर हजारोंच्या मांडवात शेवटच्या माणसापर्यंत आवाज आणि विनोद पोचवणारी ही माणसं आहेत. वडसा भागातल्या कंपन्यांकडे ऑक्टोबरातच विचारणा करा, नाटक नसलेल्या तारखा घ्या. मेकअपवाला रात्री मिळत नसेल तर एक दुपार मानधन देऊन बोलवा आणि गावातल्या दोघांना शिकवून घ्या. कॅमेऱ्यासमोर या नटांना एकच गोष्ट वारंवार सांगावी लागते: आवाज आणि हात अर्ध्यावर आणा, कॅमेरा दोन हातांवर आहे.

हसवायचं कुणी

झोंबीने कधीही हसवायचं नाही. तो खरा, भुकेला आणि गंभीर असला पाहिजे. हसू येतं ते जिवंत माणसांच्या सवयींमुळे. रात्री पांदणीतून एक जण झोकांड्या खात येतोय, मान वाकडी, शर्ट फाटलेला. ओट्यावरचे आजोबा चिलीम न सोडता म्हणतात, "काहून बे, आज लयच झाली काय?" तो उत्तर न देता जवळ येतो. आजोबा सरकून त्याला बसायला जागा करून देतात. हा प्रसंग एकाच लांब शॉटमध्ये, दूरवरून घ्या. आजोबांच्या चेहऱ्याचा क्लोजअप मध्ये टाकला की विनोद मेला, कारण प्रेक्षकाला झोंबी आणि मोकळी जागा एकाच चौकटीत दिसायला हवी. क्लोजअप राखून ठेवा तो चाव्याच्या क्षणासाठी.

गावाच्या प्रथाही कामाला येतात. पोळ्याच्या पाडव्याला नागपुरात मारबत या पुतळ्याची मिरवणूक निघते, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" अशी आरोळी उठते. हीच आरोळी देत गावकरी सूप-झाडू घेऊन झोंबींना शिवेबाहेर हाकलायला निघाले, तर तो प्रसंग विदर्भाबाहेर कुणाला सुचणार नाही.

तीन गोष्टींना मात्र हात लावू नका. झोंबी करणी-भानामतीने झाले असं दाखवू नका. २०१३ पासून राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि संशयावरून माणसांना मारहाण होण्याचे प्रकार आपल्याच भागात घडतात. फवारणीच्या विषाने माणूस झोंबी झाला असंही नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, ती घरं अजून आहेत. तिसरं, झडलेली बोटं आणि बसलेलं नाक असा मेकअप करू नका. वरोऱ्याच्या आनंदवनाचा हा मुलूख आहे, कुष्ठरोग्याला भुतासारखं दाखवणं इथे तरी होता कामा नये. चाव्याची जखम, ओरखडा, माती एवढ्याने पुरेशी भीती वाटते. झोंबी कुठून आले हे न सांगितलं तरी काही बिघडत नाही.

रक्त

वर सांगितलेला रोमेरोचा सिनेमा कृष्णधवल होता, म्हणून त्यात चॉकलेट सिरप रक्त म्हणून खपलं. आपल्याला रंग लागतो. एक लिटर रक्तासाठी:

पाणी १ लिटर, कॉर्नफ्लोअर ४० ग्रॅम (चार-पाच सपाट मोठे चमचे), खायचा लाल रंग २ छोटे चमचे, कोको पावडर १ मोठा चमचा, खायचा निळा रंग चिमूटभर.

कॉर्नफ्लोअर आधी वाटीभर थंड पाण्यात कालवा. थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात आणि त्या कॅमेऱ्यात साबुदाण्यासारख्या दिसतात. उरलेलं पाणी उकळलं की कालवण ओतून दोन-तीन मिनिटं ढवळा, उतरवा, मग रंग आणि कोको घाला. गार झाल्यावर आणखी घट्ट होतं, म्हणून गरम असताना पातळच वाटलं पाहिजे. निळ्याचा हात जड झाला तर जांभळं होतं. कोको कमी पडला तर सरबत दिसतं. पांढऱ्या कापडावर थेंब टाका आणि ज्या दिव्यात शूटिंग आहे त्याच दिव्यात, त्याच फोनने बघा. डोळ्याला बरोबर वाटणारं रक्त रात्री पडद्यावर काळं उतरतं, तेव्हा रात्रीच्या प्रसंगासाठी कोको निम्मा करा.

हे रक्त एक रात्र टिकतं. दुसऱ्या दिवशी आंबट वास येतो आणि पाणी सुटतं, म्हणून रोज ताजं करा. कपड्यावर ओतायच्या रक्तात भांडी घासायच्या लिक्विडचा एक चमचा घातला तर डाग लवकर निघतो, पण त्याची बाटली वेगळी ठेवा आणि वर मोठ्या अक्षरात लिहा. तोंडात घ्यायचं रक्त म्हणजे साखरेचा पाक, खायचा रंग आणि कोको, बाकी काही नाही. होळीचा रंग तोंडात तर नाहीच, अंगावरसुद्धा नको.

पाकाचं रक्त संत्र्याच्या बागेत वापरू नका. जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहाराची फुलं येतात, बागेत मधमाश्या असतात आणि गोड लागलेला चेहरा त्यांना कळतो. जमिनीवर पडून राहायच्या प्रसंगात लाल मुंग्यांचाही हाच त्रास. तिथे कॉर्नफ्लोअरचंच रक्त घ्या.

गळ्यातून चिळकांडी उडवायची तर ठिबकची ४ मिलीमीटरची मायक्रोट्यूब आणि ५० मिलीची सिरिंज बस झाली. नळी कॉलरखालून पाठीमागे न्या, टोक गळ्याला मेडिकल टेपने चिकटवा, टेपवर मेकअप फिरवा. नळी दीड मीटरच्या आत ठेवा, लांब झाली की जोर मरतो. या कामाचं रक्त निम्मं पाणी घालून, पातळ फडक्यातून गाळून घ्या. एकही गुठळी राहिली तर नळी तुंबते आणि सिरिंजचं तोंड निसटून सगळं दाबणाऱ्याच्या अंगावर येतं. पाऊस किंवा रक्त उडवायला घरातला फवारणी पंप कितीही धुतलेला असला तरी चालणार नाही. टाकीत आणि नळीत औषध उरतंच. दोन लिटरचा नवा हातपंप विकत आणा.

चेहरे

बारा जणांचे बारा चेहरे सारख्या मेहनतीने रंगवत बसलात तर पहिला शॉट मध्यरात्री लागेल. तिघांवर पूर्ण मेकअप करा, तेच कॅमेऱ्याजवळ येतील. चौघांवर फक्त माती आणि काजळ. उरलेले पाच मागच्या अंधारात, त्यांना फाटके कपडे आणि चाल पुरे. पहिली रांग कॅमेऱ्यापुढून गेली की मागून धावत येऊन, दुपट्टा बदलून पुन्हा शिरायचं. कॅमेरा कमरेच्या उंचीवर आणि पऱ्हाटीच्या आडून ठेवला तर बाराचे चाळीस वाटतात.

मातीच्या चेहऱ्यासाठी मुलतानी माती दह्याइतकी घट्ट कालवून पातळ थर द्या, पूर्ण वाळू द्या आणि मग नटाला तोंड वेडंवाकडं करायला सांगा. कातडीला भेगा पडतात. भेगांत कोको पावडर कोरड्या ब्रशने भरा, डोळ्यांभोवती काजळ पसरवा. चुलीतली राख लावू नका, ती क्षारयुक्त असते आणि घामात मिसळून आग करते. चाव्याच्या जखमेला दोन चमचे व्हॅसलीनमध्ये मावेल तेवढा मैदा मळा, कणकेसारखा गोळा झाला की कातडीवर थापून कडा बोटाने जिरवा, मध्ये चमच्याच्या दांड्याने खड्डा करा आणि रक्त भरा. थंडीत हे तीन-चार तास टिकतं. लिक्विड लॅटेक्स (पातळ रबर) वापरणार असाल तर आदल्या दिवशी कोपराच्या आत थेंब लावून बघा, काहींना त्याची ॲलर्जी असते. मेकअप काढताना आधी खोबरेल तेल, मग कोमट पाणी. नुसत्या थंड पाण्याने व्हॅसलीन निघत नाही.

नायकाचा शर्ट तीन नग एकसारखे घ्या: कोरा, डागाळलेला, फाटलेला. प्रसंग उलटसुलट क्रमाने शूट होतात आणि एकुलत्या शर्टावर रक्त पडलं की मागचं काहीच घेता येत नाही. बाकी कपडे चहाच्या पाण्यात उकळून किसणीने खरवडा.

रात्रीचं वावर

शूटिंगच्या आधी दिवसाउजेडी वावराच्या मालकाबरोबर पूर्ण धुरा (बांध) फिरा. कठडा नसलेली विहीर, बोअरचा खड्डा, झटका मशीनच्या तारा शोधा. डुकरांसाठी काही जण बेकायदा थेट वीज सोडतात, म्हणून शेजारच्या वावराच्या मालकालाही विचारा आणि तार नाही असं तो सांगेपर्यंत त्या बाजूला जाऊ नका. विहिरीभोवती दहा फुटांवर दोर बांधा आणि तिथे एक माणूस रात्रभर उभा करा, कारण झोंबी हात पुढे करून, खाली न बघता चालतो.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडे जंगलाला लागून असलेल्या वावरात सरपटणारा किंवा ओणवा झोंबी दाखवू नका. वाकलेला माणूस वाघाला भक्ष्यासारखा दिसतो. असे प्रसंग गावठाणातल्या कोठ्यात घ्या. राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊच नका.

ग्रामपंचायतीचं पत्र, पोलीस पाटील आणि ठाण्याला लेखी कळवणं, आदल्या संध्याकाळी गावात दवंडी. रक्ताने माखलेले बारा जण रात्री रस्त्यावर दिसले आणि कुणाला माहीत नसलं, तर लोक खरी काठी घेऊन येतात. मेकअपमधल्या कुणीही शूटिंगच्या जागेबाहेर एकट्याने जायचं नाही.

दिवे, कॅमेरा, आवाज

कृषिपंपाच्या लाइनवर विसंबू नका, ती कधी दिवसा तर कधी रात्री असते. आकडा तर टाकायचाच नाही. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएच बॅटरी ५० वॉटचे दोन एलईडी फ्लड लाइट सहा-सात तास चालवते. दोन्ही दिवे झोंबींच्या मागे, तिरपे ठेवा आणि पाटीत गोवरीवर धूप टाकून धूर करा. मागून प्रकाश आला तरच धूर दिसतो, समोरून टाकला तर फक्त राखाडी पडदा होतो. वाळलेलं गवत जवळच असतं, म्हणून पाटीखालची जागा साफ करा आणि भरलेला ड्रम शेजारी ठेवा.

फोनवर मॅन्युअल ॲप घ्या. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, ३० फ्रेम आणि १/६० ठेवलं की दिवे लुकलुकतात. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ८०० च्या वर गेला की अंधारात मुंग्यांसारखे ठिपके दिसू लागतात. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यानंतरची वीस मिनिटं आकाश निळं असतं आणि वावराची रेघ स्पष्ट दिसते. अख्खं वावर दाखवणारा दूरवरचा शॉट तेव्हाच घ्या, नंतर तेवढा उजेड कुठल्याही भाड्याच्या दिव्याने होत नाही. त्यासाठी सगळे साडेचारला मेकअपसह तयार हवेत.

आवाजाला गावात एक सोन्यासारखी सोय आहे: कापूस भरलेली खोली. भिंतींना कापसाचे ढीग लागलेले असले की प्रतिध्वनी राहत नाही. झोंबींच्या गुरगुरण्याचं डबिंग तिथे करा. आत विडी, दिवा, चार्जर काहीही नको, फक्त बॅटरीवरचा रेकॉर्डर. हाडं मोडण्याला वाळकी पऱ्हाटी, मांस फाडण्याला ओलं फडकं आणि पिकलेलं संत्रं, मान मुरगळण्याला मुळा. प्रत्येक आवाज माइकपासून वीतभर अंतरावर तीन वेळा घ्या. जागेवरची शांतताही एक मिनिट रेकॉर्ड करा, नाहीतर संवाद जोडताना रातकिडे मध्येच बंद पडतात.

पैसे आणि प्रदर्शन

साठ हजारांत बसवायचं तर: जेवण-चहा १५ हजार, दिवे-बॅटरी ८, माइक-रेकॉर्डर ७, मेकअप आणि रक्त ६, गाडी-पेट्रोल ६, कपडे ५, हार्ड डिस्क ५ आणि ८ हजार राखीव. जेवणात काटकसर करू नका. रात्री दोनला गरम आलूबोंडा आणि चहा मिळाला नाही तर तीन वाजता झोंबी घरी जातात.

यूट्यूबवर टाकायला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही, पण रक्तामुळे वयाची अट लागू शकते, म्हणून थंबनेलवर जखम नको. थिएटरात लावायचं असेल तर प्रमाणपत्र हवंच. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने बघायचं) प्रमाणपत्रात ७+, १३+ आणि १६+ अशा तीन पायऱ्या आहेत. बैल, बकरी, कोंबडी पडद्यावर असेल तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी शूटिंगच्या आधी काढावी लागते. ती जमत नसेल तर बैल चौकटीबाहेर ठेवा आणि फक्त त्याच्या घंटेचा आवाज वापरा.