मीटिंग रूम बसवताना आधी आवाज बघा, मग कॅमेरा : या चुका टाळा

ऑफिसात मीटिंग रूमसाठी खरेदीची यादी निघते, तेव्हा सर्वांत वर कॅमेरा आणि मोठा स्क्रीन असतो. माइक शेवटी, उरलेल्या पैशांत. इथेच पहिली चूक होते. चित्र दोन मिनिटं गोठलं तरी मीटिंग चालू राहते, पण आवाज तुटला की काहीच उरत नाही. दूरून जोडलेला माणूस तीनदा 'पुन्हा सांगाल का?' विचारतो आणि मग गप्प बसतो. खोलीतल्यांना वाटतं, त्याला काही म्हणायचंच नाही. मला ही गोष्ट फार लागते, कारण त्या गप्प बसण्याचं कारण तो माणूस नसून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला माइक असतो.

चित्राचं आकर्षण जुनंच आहे. एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीने १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात पिक्चरफोन, म्हणजे बोलणाऱ्याचं चित्र दाखवणारा फोन, दाखवला आणि १९७० मध्ये पिट्सबर्गमध्ये ती सेवा विकायला काढली. महागड्या सेवेला ग्राहक जेमतेम मिळाले. साधा टेलिफोन मात्र ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातल्या आवाजावर जगभराचा व्यवहार चालवत राहिला.

माइकचं गणित सोपं आहे. बोलणारा दुप्पट लांब गेला की त्याचा थेट आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो, पण भिंतींवरून घुमणारा आवाज जवळपास तेवढाच राहतो. म्हणून लांबून बोललेलं विहिरीतून आल्यासारखं वाटतं. व्हॉल्यूम वाढवलात तर घुमणंही वाढतं. माइक बोलणाऱ्याजवळ आणा. काचेच्या भिंती असतील तर जाड पडदे आणि गालिचा यांनी बराच फरक पडतो.

आता प्रतिध्वनी. यात जवळपास सगळेच चुकीच्या माणसाला धरतात. 'मला माझाच आवाज परत येतोय' असं जो म्हणतो, त्याचं यंत्र बहुतेक वेळा ठीक असतं. त्याचा आवाज दुसऱ्या कुणाच्या तरी स्पीकरमधून निघून त्या दुसऱ्याच्याच माइकमध्ये शिरत असतो. म्हणून तक्रार करणाऱ्याला बोलत राहू द्या आणि बाकीच्यांना एकेक करून म्यूट करा. ज्याच्या म्यूटने प्रतिध्वनी थांबेल, दुरुस्ती त्याच्याकडे. एकाच खोलीत दोन लॅपटॉप मीटिंगला जोडले असतील, तर एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करा. नुसता माइक बंद करून भागत नाही, कारण त्याच्या स्पीकरचा आवाज शेजारच्या माइकमध्ये जातोच.

महागडा ब्लूटूथ हेडफोन मीटिंग सुरू होताच डबड्यासारखा वाजू लागतो, असाही अनुभव अनेकांना येतो. हेडफोन बिघडलेला नसतो. त्याचा माइक चालू झाला की अनेक संगणकांवर जोडणी कॉलच्या पद्धतीवर जाते आणि आवाजाचा दर्जा खाली येतो. सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा किंवा वायरचा माइक निवडा आणि हेडफोन फक्त ऐकायला ठेवा.

नेटबाबत लोक डाउनलोड स्पीडचा आकडा दाखवतात. कॉलला काही एमबीपीएस पुरतात, पण ते दोन्ही दिशांनी आणि अखंड मिळायला हवेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ शिफारशीनुसार एका बाजूचा विलंब, म्हणजे आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचायला लागणारा वेळ, १५० मिलिसेकंदांच्या आत असलेला बरा. त्याहून खूप वाढला की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. कुणी त्याच वेळी मोठा बॅकअप अपलोडला लावला की हा विलंब लगेच वाढतो. मीटिंग रूमला वायफायऐवजी लॅन केबल द्या. आयटी विभागाला फायरवॉलमध्ये (ऑफिसच्या नेटवरची ये-जा गाळणारी यंत्रणा) यूडीपी (हरवलेल्या तुकड्यासाठी न थांबता माहिती पाठवायची पद्धत) अडवलंय का, एवढं विचाराच. ते अडवलं असलं की बहुतेक कॉल टीसीपीवरून, म्हणजे प्रत्येक तुकडा क्रमाने पोचवणाऱ्या पद्धतीने जातात, आणि एक पॅकेट (माहितीचा तुकडा) हरवलं की मागची सगळी त्याच्यासाठी खोळंबतात. आवाज अडकून मग भराभर येतो तो बऱ्याचदा यामुळे.

कॅमेऱ्याचं म्हणाल, तर खिडकीकडे पाठ करून बसू नका. तेवढं केलं तरी साध्या कॅमेऱ्यात चेहरा नीट दिसतो.