विहीणबाईंशी फिनिशमध्ये बोलायचंय? विभक्तीपासून सुरुवात करा

मुलाचं लग्न फिनलंडमधल्या ताम्पेरे शहरातल्या मुलीशी ठरलं तेव्हा मला फिनिशचा एक शब्द येत नव्हता. विहीणबाईंचं इंग्रजी जेमतेम, माझंही तसंच. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर दोघी नुसत्या हसायचो, गाल दुखेपर्यंत. सांगलीत ३० वर्षं मराठी व्याकरण शिकवलेल्या बाईला हे शोभेना, म्हणून एक वही केली. कुणाची मुलं तिकडे असतील तर त्यांच्यासाठी हे त्या वहीतलं.

इंग्रजीमार्गे जाऊ नका, मराठीतून रस्ता जवळचा आहे. फिनिशमध्ये १५ विभक्ती म्हणून लोक घाबरवतात. अहो, आपण ‘सांगलीत’, ‘सांगलीहून’, ‘सांगलीला’ म्हणतोच की! तेच तिकडे ‘सांग्लिस्सा’, ‘सांग्लिस्ता’, ‘सांग्लीइन’. मग ओळख करून द्या: ‘ओलेन कोतोइसिन इन्तिआस्ता’, मी मूळची भारतातली. ‘आसुन सांग्लिस्सा’, सांगलीत राहते.

आपलं सामान्यरूपही तिथे भेटतं. ‘पाणी’चं ‘पाण्यात’ होतं, तसं सुओमि म्हणजे फिनलंडचं ‘सुओमेस्सा’ आणि हेल्सिंकिचं ‘हेल्सिंगिस्सॅ’. शब्दात आ, ओ, उ असले तर शेवटी ‘स्सा’, नसले तर ‘स्सॅ’. ताम्पेरेला मात्र ‘त’ नाही, ‘वर’ लागतो: ‘ताम्पेरेएल्ला’. का, ते विचारू नका. आपणही स्टँडवर उभे राहतो आणि बाजारात फिरतो.

मला सगळ्यात आवडलं ते ‘मिनुल्ला ओन’. ‘मला एक मुलगा आहे’ हे इंग्रजीत नेताना ‘मला’चं ‘मी’ करावं लागतं, फिनिशमध्ये नाही: ‘मिनुल्ला ओन पोइका’. मुलाची आठवण येते, तीही अशीच: ‘मिनुल्ला ओन इकॅवॅ पोइकाआनी’. हवेचंही तसंच, ‘सांगलीत गरम आहे’ म्हणजे ‘सांग्लिस्सा ओन कुउमा’. एप्रिलात हे वाक्य रोज उपयोगी पडतं.

ऱ्हस्व-दीर्घाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. ‘तापाआन सिनुत हुओमेन्ना’ म्हणजे उद्या तुला भेटते. मी एक ‘आ’ गिळला आणि सुनेला म्हणाले, उद्या तुला ठार मारते. ती हसत हसत खुर्चीवरून पडायची बाकी होती.

सून आपसांत ‘मॅ ओओन’ म्हणते, वहीत ‘मिनॅ ओलेन’. दोन्हीचा अर्थ ‘मी आहे’. बोलीभाषा आणि प्रमाणभाषा, आपल्यासारखंच. सुरुवातीला प्रमाणच बोला, कुणी हसत नाही.

बोलताना मध्ये शांतता पडली तर पडू द्या. विहीणबाई ऐकता ऐकता श्वास आत ओढत ‘योओ’ म्हणतात. पहिल्यांदा मला वाटलं, ठसका लागला, पाणी प्यायला सांगावं. पण तो त्यांचा हुंकार.

विषय आपल्या गावचे काढा. ‘सांग्लि ओन तुन्नेत्तु कुर्कुमास्ता’, सांगली हळदीसाठी प्रसिद्ध. पुराला ‘तुल्वा’. गेल्या महिन्यात मी २०१९ कागदावर लिहून कॅमेऱ्यासमोर धरलं आणि म्हणाले, ‘मेइल्लॅ ओलि तुल्वा’, आमच्याकडे पूर आला होता.

थोडा वेळ काहीच नाही. मग ‘योओ’. मग प्रश्न: ‘मिहिन आस्ति वेसि तुलि?’

वेसि म्हणजे पाणी, हे ठाऊक. पण वहीत तुलि म्हणजे आग! पाणी, आग? मी गोंधळले. मुलाने मागून सांगितलं, ‘आई, तुलि म्हणजे आलंसुद्धा. पाणी कुठवर आलं, विचारतायत.’

गावभागातलं आमचं घर. मी फोन उचलला आणि जिन्याजवळच्या भिंतीवरची ती तपकिरी रेघ दाखवली.

‘तॅन्ने आस्ति,’ म्हणाले. इथवर.